दोनशेवीसवर दोघांचा कब्जा

मी तलाठी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे काही घडलं त्यातलं निम्मं मी तलाठी असल्यामुळं घडलं. हेच एखाद्या मास्तरच्या नाहीतर कंपाउंडरच्या हातून झालं असतं तर ईट गावानं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नसतं. पण तलाठी नुसता शिंकला तरी गावात चार जण आपापला सातबारा काढून बघतात. आता याला माझा इलाज नाही.

माझा मेहुणा दिग्विजय पुण्याला नोकरीला. त्याच्या ऑफिसात नवे कम्प्युटर आले तेव्हा जुन्यातला एक त्यानं आमच्याकडं धाडून दिला. मी तो मागितला नव्हता. हे आमच्या घरात कुणी मानत नाही, पण खरं आहे. मी एवढंच म्हणालो होतो की, आता सातबारे कम्प्युटरवर जाणार असं कानावर येतंय, तेव्हा खात्यातल्या एका तरी माणसाला त्यातलं कळलं पाहिजे. तो माणूस कोण असावा, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती एवढंच.

कम्प्युटर एस. टी.च्या टपावरून आला. तो उतरवून घ्यायला स्टँडवरची झाडून सगळी माणसं धावली, आणि घरापर्यंत आलीही. ईट गावातला हा पहिला घरगुती कम्प्युटर. मी तो टेबलावर मांडला, हिनं त्याला हळदीकुंकू वाहिलं, मी बटण दाबलं, पडद्यावर निळं आभाळ उगवलं. एवढा सोहळा झाल्यावर स्टँडवरच्या हॉटेलचा मालक दगडोबा पुढं आला आणि म्हणाला, "गाणं लावा की भाऊसाहेब."

आमच्याकडं तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात.

मी म्हटलं, "हा कम्प्युटर आहे दगडोबा. टेपरेकॉर्डर नाही."

"ते ठावं हाय. पर बोलत तर आसंल की कायतरी?"

आता त्यातली मेख अशी होती की, त्या कम्प्युटरच्या आतल्या मूळ पाटीवर आवाजाची जी सोय होती, ती पुण्यातच जळून गेली होती. दिग्विजयनं ते फोनवर मला सांगितलंही होतं. त्यासाठी दुसरं साउंड कार्ड मागून धाडतो म्हणाला होता. हे सगळं मी दगडोबाला नीट समजावून सांगायला लागलो. आवाज म्हणजे काय इथून सुरुवात केली. पण हा माणूस ऐकून घेणाऱ्यातला नाही. त्यानं कम्प्युटरच्या डोक्यावर हात ठेवला, मान हलवली आणि दारातल्या माणसांना सांगितलं, "मुका हाय बिचारा."

झालं.

नाव पडणं म्हणजे काय, हे ज्याला ईट माहीत नाही त्याला कळायचं नाही. माझ्या आधीच्या तलाठ्यानं एकदा मोजणीची साखळी सापडेना म्हणून छत्रीनं बांध मोजला होता. एकदाच. ते छत्री भाऊसाहेब झाले. पुढं त्यांची बदली परंड्याला झाली, तर ट्रंक एस. टी.तून उतरायच्या आत तिथला हमाल म्हणाला, "या छत्री भाऊसाहेब." नाव त्यांच्या आधीच्या गाडीनं पोचलं होतं. आता ते रिटायर झालेत, त्यांच्या पोराच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणणाऱ्यानं माईकवरून 'छत्रे घराण्याचे कुलदीपक' असं म्हटलं. त्यांचं आडनाव शेळके.

माझ्याबद्दल म्हणाल तर मी हसण्यावारी नेलं असतं. माझा स्वभाव मुळात तसा सोशिक आहे. पण दोनच दिवसांत वैष्णवी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. वैष्णवी आमची एकुलती एक, सातवीत होती तेव्हा. वर्गात सगळ्यात जास्त बोलणारी पोरगी. हा गुण तिनं कुणाकडून घेतला यावर घरात मतभेद आहेत. ती जेवेना. हिनं विचारलं, मी विचारलं. शेवटी म्हणाली, "बाबा, मला मुक्याची वैष्णवी म्हणायलेत. खेळायला घेतलं तरी खुणा करून बोलायलेत माझ्याशी. सगळ्याजणी."

आणि रडायला लागली. मला लई वाईट वाटलं. तोंडावर हसून टाकलं मी, पण ताट बाजूला सारलं. आज पोरगी सातवीत, उद्या दहावीत जाईल, परवा हिला बघायला पाहुणे येतील, आणि स्टँडवर कुणीतरी त्यांना पत्ता सांगेल, 'मुक्याचं घर व्हय? सरळ जावा.' पाहुणे सरळ जातील ते पुढच्या गावालाच.

तसाच उठलो आणि दगडोबाच्या हॉटेलात गेलो. बाकडी भरलेली होती. मी उभ्या उभ्या जाहीर केलं, "येत्या बाजाराच्या दिवशी माझा कम्प्युटर बोलेल. ज्याला ऐकायचं त्यानं घरी यावं. नाही बोलला तर मला खुशाल मुका म्हणा. मी ओ देईन."

"ओ कशी द्याल?" दगडोबानं विचारलं. "मुके न्हवं का तुमी?"

मी चपला घातल्या आणि घरी आलो.

कार्ड आलं. हिरवी पाटी, त्यावर काळे किडे बसवल्यासारखं दिसणारं. मी कम्प्युटरचं झाकण उघडलं, कार्ड खाचेत बसवलं आणि स्क्रू पिळला. यात मला कुणाची मदत लागली नाही, हे नमूद करून ठेवतो. शेजारच्या आण्णासाहेबांनी मदत केली असं ते सांगतात. आण्णासाहेब म्हणजे माजी सरपंच, वय मोठं, त्यामुळं आपल्याला त्यांना काही बोलता येत नाही. त्यांनी केलं काय, तर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "अर्थिंग द्या. मोटारीला अर्थिंग न्हाय दिलं की ती गुरगुरती. हे गुरगुरत बी न्हाय, म्हंजी अर्थिंग लईच कमी हाय." मग त्यांनी स्वतः खिडकीखालच्या जमिनीवर तांब्याभर पाणी ओतलं. खिडकीखाली हिची तुळस होती, तेवढा तुळशीचा फायदा झाला.

बटण दाबलं. निळं आभाळ आलं. आवाज नाही.

मी आत शिरलो. आत म्हणजे कम्प्युटरच्या दप्तरात. तिथं डिव्हाइस मॅनेजर म्हणून एक प्रकार असतो, आणि तो उघडल्यावर मला जो आनंद झाला तो कुणालाही सांगून कळायचा नाही. तो चक्क सातबारा होता! कम्प्युटरच्या पोटातल्या प्रत्येक वस्तूच्या नावावर काय काय आहे, त्याची नोंद. प्रत्येकाला एक पत्ता, त्याला पोर्ट म्हणतात. प्रत्येकाला एक हाक मारायचा नंबर, म्हणजे त्या नंबरनं हाक मारली की मधला मुख्य मेंदू हातातलं काम टाकून त्याच्याकडं बघतो. नियम एकच, एका नंबरवर एकाच माणसानं हाक मारायची. दोघं एकदम ओरडायला लागले की मेंदू दोघांकडंही बघत नाही. ग्रामसभेत माझं तेच होतं.

आमच्या नव्या कार्डासमोर पिवळं उद्गारचिन्ह होतं. पत्ता दोनशेवीस, हाकेचा नंबर पाच, आणि खाली स्पष्ट शेरा, की या दोन्हींवर आधीच दुसऱ्याची नोंद आहे. ती कुणाची, तर मूळ पाटीवरच्या त्या जळालेल्या आवाजाची.

वीस वर्षं मी हेच तर बघत आलो होतो. मी हिला हाक मारून म्हटलं, "अगं, वादग्रस्त जमीन आहे! आपल्या हातचं काम आहे हे."

"मग करा की," ती म्हणाली. ती ज्वारी निवडत बसली होती.

मी दप्तरातल्या दप्तरात कार्डाला पाचच्या जागी चार नंबर लावून टाकला. चार नंबर कुणाचा आहे हे बघायला पाहिजे होतं, हे मान्य. तो माउसचा निघाला. पडद्यावरचा बाण जागच्या जागी मेला. आता चार नंबर परत करायचा तर बाण हलवावा लागतो, आणि बाण हलवायचा तर चार नंबर परत करावा लागतो. असली प्रकरणं आमच्या खात्यात चाळीस-चाळीस वर्षं चालतात. शेवटी कीबोर्डावरची दिसतील ती बटणं दाबत दाबत मी माउसला जिवंत केलं, आणि मग मात्र दिग्विजयला विचारलेलं बरं असं ठरवलं. विचारायचं म्हणजे मला येत नव्हतं म्हणून नाही. दुसऱ्याचं मत घ्यावं, एवढ्याचसाठी.

आमच्या घरी फोन नव्हता. फोन दगडोबाच्या हॉटेलाच्या कडेला, काचेच्या डब्यात. त्या डब्याचं दार लागत नसे, आणि पुण्याची लाईन अशी की इथून ओरडलं तरच तिकडं कुजबुज पोचायची. बाहेर रांग होती. रांगेत सगळ्यात पुढं हरणाबाई होत्या, लिंबाजीच्या आई. त्यांच्या मागं लिंबाजीचा चुलतभाऊ धनाजी. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ईट शिवारात गट नंबर दोनशेवीस नावाची जमीन आहे आणि तिच्यावरून या लिंबाजीचं आणि धनाजीचं वर्षानुवर्षं वाजतंय. हे माझ्या त्या क्षणी ध्यानात नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त कार्ड होतं.

"हॅलो! दिग्विजय? अरे, दोनशेवीसवर दोघांचा कब्जा आहे! ... हां, दोनशेवीस! दोघंही सोडायला तयार नाहीत! ... पोर्ट! पोर्ट म्हणतोय मी! ... म्हणजे एकाला उचलून दोनशेचाळीसला टाकू? चालतं का तसं? ... बरं! टाकतो! कुणाला विचारायची गरज नाही ना? ... ठीक!"

मागं वळून बघायला हवं होतं. बघितलं नाही.

"पण दोनशेचाळीसला न्यायचं कसं? ... जंपर काढून? ... कुठला जंपर? दोन आहेत! ... अरे, घट्ट बसलाय तो, बोटानं निघत नाही! ... चिमट्यानं ओढू? फाटणार नाही ना? ... हां, म्हणजे आधी जंपर काढायचा, मग तोच शेजारी घालायचा! आलं लक्षात! आत्ता घरी जाऊन काढतो!"

कार्डावर बारक्या बारक्या पिना असतात. त्यातल्या कुठल्या दोन पिनांवर प्लास्टिकची टोपी चढवली आहे, त्यावरून कार्डाचा पत्ता ठरतो. त्या टोपीला जंपर म्हणतात. पुण्यात म्हणतात. आमच्याकडं जंपर म्हणजे बायकांचं पोलकं, ब्लाऊज.

फोन ठेवून बाहेर आलो तर हरणाबाईंनी पदर तोंडाला लावलेला आणि नजर आभाळाकडं. धनाजी रांगेतून गायब. दगडोबानं चहाचं गाळणं हातात तसंच धरलेलं, चहा कपाच्या शेजारी पडत होता.

"काय झालं?" मी म्हटलं.

"काय न्हाय भाऊसाहेब," दगडोबा म्हणाला. "तुमचं चालू द्या."

स्टँडपासून आमचं घर चालत फार लांब नाही, पण बातमीला माझ्यापेक्षा जवळची वाट माहीत होती. ही दारातच उभी. हातात सूप.

"कुणाचा जंपर?"

"काय कुणाचा?"

"चिमट्यानं काढणार होतात तो."

मी सगळा प्रकार सांगायला लागलो. पत्ता म्हणजे काय, पिना म्हणजे काय, अगदी मुळापासून. तिनं एक हात वर केला, म्हणजे गप्प बसा. मग मी आत जाऊन चिमट्यानं ती टोपी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "हा जंपर." ज्वारीच्या दाण्याएवढी काळी वस्तू. तिनं ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "ह्याला ना काज, ना बटन." आणि हसायलाच लागली. हसता हसता हात हलला आणि जंपर सुपात पडला.

सुपात निवडलेली ज्वारी होती. त्यानंतर बराच वेळ तलाठी, तलाठ्याची बायको आणि तलाठ्याची मुलगी अशी तिघं जण दाणा दाणा बाजूला करत बसली. अधूनमधून कुणीतरी 'सापडला' म्हणायचं आणि तो काणी लागलेला काळा दाणा निघायचा. शेवटी चाळणीनं चाळून काढला. तो मी शेजारच्या पिनांवर चढवला, आणि खरंच, पत्त्याचं भांडण मिटलं. कार्ड दोनशेचाळीसला गेलं. पाच नंबरचं भांडण मात्र तसंच राहिलं. दुसरा मोकळा नंबर बघावा, तर प्रत्यक्ष कार्डावर पाच आणि सात दोनच खुणा होत्या, आणि सात नंबर प्रिंटरसाठी राखून ठेवलेला. आमच्याकडं प्रिंटर नव्हता. पण गायरानावर गाय नाही म्हणून कुणी तिथं घर बांधतं का? मी तरी बांधू देत नाही. मी सातला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजी आला. पाठोपाठ धनाजी. एरवी हे दोघं एका बाकावर बसत नाहीत, त्या दिवशी एकाच ओसरीवर बसले.

"भाऊसाहेब," लिंबाजी म्हणाला, "मला दोनशेचाळीसला टाकायलाव म्हनं?"

"तुला कुठं? कार्डाला."

"कार्ड कसलं? रेशनचं?" धनाजी म्हणाला. "आमाला गोल गोल सांगू नगा. मी सोता ऐकलं. कोर्ट म्हनलात तुमी. एकाला उचलतो म्हनलात. दोनशेचाळीस म्हंजी वढ्याकडचं खडकाड. तिथं तरवड बी धड उगवत न्हाय. कुणाला टाकायलाव तेवढं सांगा."

"पोर्ट म्हणालो मी! पोर्ट!"

"तेच की. पुन्यातल्या वकिलाला इचारून म्हनलात."

मी त्यांना आत नेऊन कम्प्युटर दाखवला. पडद्यावर दोनशेवीस हा आकडा होता, पाच हा आकडा होता, आणि दोघांचं भांडण आहे असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. लिंबाजीनं आकडे वाचले. त्याचा चेहरा पांढरा पडला. "ह्यात बी गेलं व्हय आमचं?" तो म्हणाला. दोघंही उठले, आणि त्याच दिवशी दोघांच्या अंगठ्यांचा एकच तक्रारअर्ज वरच्या ऑफिसात पोचला. त्यांच्या पिढीत एकत्र केलेलं हे पहिलं काम.

मला बोलावणं आलं. बाजार एका दिवसावर, आणि मी तहसीलदार साहेबांपुढं उभा. साहेब नवीनच होते, तरुण होते, आणि त्यांच्यापुढं विषय लिहिलेला होता, 'गट नंबर २२० परस्पर २४० मध्ये सरकवणेबाबत'.

"भाऊसाहेब, जमीन सरकवता येते?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. साउंड कार्ड सरकवता येतं."

मी खुलासा केला. चांगला सविस्तर केला. मध्ये त्यांनी दोनदा पाणी मागवलं, ते मला देतील असं वाटलं होतं, पण दोन्ही वेळा तेच प्याले. शेवटी ते म्हणाले, "ते सगळं राहू द्या. मला एकच सांगा, दोनशेवीसवर मूळ नाव कुणाचं आहे?"

माझं डोकं अजून कार्डातच होतं. मी म्हटलं, "साहेब, मूळचा मयत आहे."

"मयत आहे, मग अजून नोंदीवर कसा?"

"पुण्यातच जळाला साहेब."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "कसाही जळू दे. मयताचं नाव कमी केलं का तुम्ही? ते कमी केल्याशिवाय जिवंत माणसाचं नाव लागणार कसं? वीस वर्षं नोकरी झाली ना तुमची?"

मी 'होय साहेब' म्हणालो आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. अरे! मयताचं नाव! तो जळालेला आवाज स्वतः गात नव्हता, पण नोंदीवर अजून जिवंत होता, पाच नंबर धरून बसला होता! आणि मी जिवंत कार्डाला घेऊन दारोदार हिंडत होतो! ही कल्पना माझीच, हे लक्षात घ्यावं. साहेबांनी फक्त प्रश्न विचारला. ते जमिनीबद्दल विचारत होते. जमिनीचंही तेच होतं म्हणा, लिंबाजी-धनाजीच्या आजोबांचं नाव अजून दोनशेवीसवर होतं, कारण दोघांपैकी एकानंही कधी वारसाची वर्दी, म्हणजे वारसांची नावं लावा असा अर्ज, दिली नव्हती. वर्दी दिली असती तर दुसऱ्याचंही नाव लागलं असतं ना! साहेबांनी तिथल्या तिथं मला तंबी दिली, त्या दोघांना वर्दी द्यायला लावा म्हणून फर्मान काढलं, आणि मी एवढ्या आनंदानं 'होय साहेब' म्हणालो की त्यांनी शिपायाला मला बाहेरपर्यंत सोडून यायला सांगितलं.

बाजाराच्या दिवशी सकाळपासून माणसं यायला लागली. अंगणात भाजीच्या पिशव्या, एक शेळी, आण्णासाहेबांची खुर्ची सगळ्यांत पुढं. लिंबाजी आणि धनाजी आले. हरणाबाई आल्या, त्या चिमट्याकडं बघतच आत शिरल्या. दगडोबानं तर हॉटेल भावावर टाकलं होतं. वैष्णवी खांबाला टेकून उभी होती. तिच्या वर्गातल्या पोरी कुंपणाबाहेर होत्या, आणि त्यातली एक तिला हातवारे करून काहीतरी विचारत होती. वैष्णवी माझ्याकडं बघत होती. फक्त माझ्याकडं. 

आणि लाईट गेली.

"आता लाईटवर ढकलतील," मागून कुणीतरी म्हणालं. मी त्या वेळात जमलेल्या लोकांना मयताचं नाव कमी करण्याचं महत्त्व सांगायला घेतलं. ते सांगून होईपर्यंत लाईट आली. मला वाटतं, लोकांनी तिचं जेवढं स्वागत केलं तेवढं कधीच केलं नसेल.

मी दप्तर उघडलं. जळालेल्या आवाजावर बाण नेला आणि त्याला बंद केलं. कम्प्युटर निजवला, पुन्हा उठवला. नव्या कार्डासमोर बघतो तर उद्गारचिन्ह गेलेलं! पाच नंबर एकाच्या नावावर. कुठं हरकत नाही, कुठं वाद नाही. वीस वर्षांत एवढा स्वच्छ सातबारा मी बघितला नव्हता.

दिग्विजयनं कार्डाबरोबर एक लहानसा माईक धाडला होता. पडद्यावरचं लाल बटण दाबलं की कम्प्युटर मिनिटभर ऐकून घेतो, आणि शेजारचं बटण दाबलं की ऐकलेलं बोलून दाखवतो. मी लाल बटण दाबलं आणि बोललो, "ईट गावच्या समस्त नागरिकांनो." मग शेजारचं बटण दाबलं.

शांतता. शेळी तेवढी ओरडली.

"मुका," दगडोबा म्हणाला. हळूच म्हणाला, त्यालाही वाईट वाटत होतं. पण म्हणाला. कुंपणाबाहेर एक पोरगी फिसकन हसली. वैष्णवीनं मान खाली घातली.

मी टेबलाखाली घुसलो. नोंद साफ असताना ताबा मिळत नाही म्हणजे अडथळा जागेवरच असणार. आणि तसंच होतं. मागं तीन भोकं, तिन्ही सारखी, आणि स्पीकरची वायर मी भलत्याच भोकात घातली होती. वायर काढता काढता मी वरच्या लोकांना खालून समजावून सांगत होतो, की भोकं तीन का असतात, ती सारखी का असतात, आणि सारखी असण्यात कुणाची चूक आहे. घुसताना माझ्या कोपराचा धक्का माउसला लागून बाण सरकला होता आणि ते लाल बटण पुन्हा दाबलं गेलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. ही चहाचा ट्रे घेऊन आली होती आणि टेबलाशी, नेमकी माईकजवळ, हरणाबाईंच्या कानाला लागली होती, हेही मला ठाऊक नव्हतं.

मी बाहेर आलो, धूळ झटकली, "आता ऐका" म्हणालो आणि बटण दाबलं.

कम्प्युटर बोलला! खणखणीत! अंगणाच्या पलीकडं ऐकू जाईल असा! आधी माझाच आवाज आला, टेबलाखालचा, बारीक, 'आता ही तीन भोकं म्हणजे' असा. आणि त्याच्यावर, अगदी जवळून, मोठा स्वच्छ बाईमाणसाचा आवाज:

"ह्यो डबा मुका हाय तेच बरं हाय, हरणाबाई. लगीन झाल्यापून बघायले, ह्या माणसाचं तोंड म्हणून बंद न्हाय. जेवताना बोलणार, आंघोळ करताना बोलणार, झोपंत सुद्धा जमिनीच्या चतुःसीमा वाचणार. अन् लोक ह्यांना मुका म्हणायलेत! देवा, खरंच एक दिवस ह्यांना मुकं कर. मी पोटभर जेवंन तरी."

मिनिट संपलं. कम्प्युटर थांबला.

 हिनं हातातला ट्रे टेबलावर आदळला. आणि मग जे हसणं फुटलं ते बाजारापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. आण्णासाहेब खुर्चीवरून घसरले. लिंबाजी आणि धनाजी एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते, आणि ध्यानात आल्यावरही त्यांनी ते काढलं नाही. हरणाबाई म्हणत होत्या, "माझं न्हाय ते, मी न्हाय बोलले," आणि डोळे पुसत होत्या.

अपमान झाला म्हणाल तर झाला. चांगला दणदणीत झाला. सरकारी माणसाचा त्याच्याच घरात, त्याच्याच यंत्रातून, पंचांसमक्ष. पण मी वैष्णवीकडं बघितलं. ती कुंपणापाशी पळत गेली होती आणि त्या पोरींना ओरडून सांगत होती, "ऐकलं का? बोलला! अन् माझे बाबा लई बोलतेत! आईनं सांगितलं! आमच्यात कुणीच मुकं न्हाय!" आणि त्या पोरी तोंडानं बोलत होत्या. सगळ्या एकदम.

दगडोबा पुढं आला. "भाऊसाहेब," तो म्हणाला, "तुमाला मुका म्हनलं तर आता वैनीसायबच आमच्यावर दावा लावतील. आपला शब्द माघारी घेतला बगा." ते मी त्याच्याकडून पुन्हा एकदा मोठ्यानं, सगळ्यांच्या पुढं वदवून घेतलं. नंतर वाद नको.

त्या दिवसानंतर गावात पुन्हा ते नाव कुणाच्या तोंडी आलं नाही, वैष्णवीच्या शाळेतही नाही. आणि एक फायदा असा झाला की ज्याची मी कल्पनाही केली नव्हती. आमच्या हिच्या मनात तो माईक कायमचा बसला. कम्प्युटर चालू आहे म्हटलं की ती त्या खोलीत एक अक्षर बोलत नाही. पाणी हवं का, हेही खुणेनं विचारते. मी आता संध्याकाळी घरी आलो की हातपाय धुवायच्या आधी कम्प्युटर चालू करतो, आणि मग निवांत बोलत बसतो.